हात जोडणारा प्रेक्षक

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रेक्षकाविषयीची एक कथा वारंवार सांगितली जाते. १९१७ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम प्रकट झाला, तेव्हा थिएटरातील स्त्रीपुरुषांनी त्याला साष्टांग नमस्कार घातले, पुढच्या वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’च्या वेळीही तेच घडले. एरिक बार्नो आणि एस. कृष्णस्वामी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात ती आहे. नंतर ती इतक्या पुस्तकांत उतरली, की तिच्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहतच नाही. वर्गात ही कथा सांगितली की विद्यार्थी हसतात. त्या हसण्यात एक गृहीतक दडलेले असते: त्या प्रेक्षकाला चित्र आणि देव यांतला भेद कळत नव्हता, आपल्याला तो कळतो.

युरोपातही अशीच एक कथा आहे. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितीत आगगाडी अंगावर येताना पाहून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, असे सांगतात. टॉम गनिंग, मार्टिन लोइपरडिंगर या अभ्यासकांनी ती कथा तपासली आणि भेदरलेल्या जमावाची ही हकीकत बव्हंशी नंतर रचली गेली, असे दाखवून दिले. प्रेक्षक चकित झाले होते. परंतु आपण चकित होत आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि त्यासाठीच त्यांनी पैसे मोजले होते. युरोपीय प्रेक्षकाला हा न्याय मिळाला. आपल्या नमस्कार करणाऱ्या प्रेक्षकाची फेरतपासणी मात्र फारशी कोणी केलेली नाही. पळणे हा घाबरण्याचा पुरावा मानता येईल, पण नमस्कार हा फसगतीचा पुरावा कसा मानायचा?

आम्ही अंबरनाथ–उल्हासनगर–बदलापूर या पट्ट्यात राहतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हांस फार लांब जावे लागत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. शिलालेखातील शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या या देवळाच्या बाह्यभिंतींवर इतके शिल्प आहे की डोळा एका ठिकाणी ठरत नाही. आत गेले की सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. तिथे शिल्पांचा पसारा नाही, पिंडी आहे. भाविक बाहेर थांबून मूर्तींची घडण न्याहाळतो, झिजलेल्या चेहऱ्यांविषयी हळहळतो आणि आत उतरून हात जोडतो. तो दगडाला दगड समजत नाही, असे कोणी लिहीत नाही. एकाच माणसात रसिक आणि भक्त नांदतात, ही गोष्ट देवळात आपण सहज मानतो. चित्रपटगृहात ती मानायला अडचण का यावी?

‘लंकादहन’पुरते बोलायचे तर पुरावा चित्रपटातच आहे. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पदर घेतलेल्या पुरुषाला जो प्रेक्षक सीता म्हणून स्वीकारतो, आणि तोच पुरुष धनुष्य घेऊन आला की राम म्हणून त्याला वंदन करतो, त्याला सोंग म्हणजे काय हे कळत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. सोंगाला नमस्कार करण्याची रीत त्याच्या घरचीच होती. कोकणातल्या दशावतारात रात्री विष्णू झालेला नट सकाळी शेतावर दिसतो, हे गावाला ठाऊकच असते. कीर्तनकाराच्या पाया पडणारा श्रोता त्याच्या घरची भांडणेही जाणून असतो. वंदन व्यक्तीला नसते, त्या वेळेला तिच्या ठायी आलेल्या भूमिकेला असते.

मुळात आपल्याकडच्या या कलेचा आरंभच एका प्रेक्षकाच्या प्रतिसादातून झाला. १९१०-११च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहताना डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे फाळक्यांनी पुढे ‘नवयुग’मध्ये लिहिले. तोच चित्रपट त्यांनी पत्नीला घेऊन पुन्हा पाहिला. म्हणजे पडदा एक आणि चित्रे दोन. शिवाय हे चित्र हलते कसे, याची कारागिराची चौकस बुद्धी त्याच वेळी जागी होती. भारावलेल्या फाळक्यांना कोणी भाबडे म्हटले नाही, कारण त्यांनी पुढे चित्रपट काढले. ‘लंकादहन’च्या पिटातल्या प्रेक्षकाने लेख लिहिला नाही, इतकाच फरक.

या साऱ्याचा कस लागतो तो ‘संत तुकाराम’मध्ये. १९३६ सालचा प्रभातचा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. (विठ्ठलाचे हे दर्शन घडविणाऱ्या दोघांपैकी एक शेख होते याचे त्या काळी कोणाला अप्रूप वाटले नसावे; आज ते वाटते, हे आजच्या काळाविषयी काही सांगते.) दामले तंत्राचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक, दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. त्यामुळे चमत्कारांची दृश्ये त्यांनी हात न आखडता रचली: धान्याचा वर्षाव, इंद्रायणीतून वर आलेली गाथा, शेवटचे वैकुंठगमन. कीर्तनातल्या त्या प्रसंगात शत्रूचे लोक शिवाजीला पकडायला येतात आणि बसलेला प्रत्येक श्रोता शिवाजी दिसू लागतो. सेंट्रलच्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकासमोर पडद्यावरही रांगांत बसलेली साधी माणसेच होती, आणि चमत्कार घडत होता तो त्यांच्यावर.

या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिसादाविषयी जे सांगितले जाते, तेही बहुतेक नमस्काराचेच. विष्णुपंत पागनीस हे मूळचे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. पडद्यावर ते तुकाराम झाले आणि लोकांनी त्यांना तुकाराम म्हणूनच पाहिले. पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०) अशा संतांच्याच भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. तुकोबांच्या किती तसबिरींत त्यांचा चेहरा उतरला आहे! सुशिक्षितांनी या गोष्टीचे कौतुक केले ते थोडे वरून, सानुल्यांच्या खेळाचे करावे तसे. परंतु याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक अभंगरचना अनेक जाणत्यांनी तुकोबांचीच समजली. आजही ती गाथेतली म्हणून भजनांत गायिली जाते. पागनीसांना तुकोबा मानणारा प्रेक्षक भाबडा ठरतो, मग आठवल्यांना तुकोबा मानणाऱ्या वाचकाला काय म्हणावे? आमच्या मते दोघांनाही काही म्हणू नये. दोघांच्या बाबतीत कलेने आपले काम केले.

नमस्काराची नोंद ठेवणाऱ्यांच्या हातून एक मोठी गोष्ट मात्र सुटली, आणि ती म्हणजे आवली. गौरी ही प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी बाई. नटीचे शिक्षण तिला नव्हते. तिने उभी केलेली आवली हे या चित्रपटाचे दुसरे केंद्र आहे. तुकोबांची पहिली पत्नी १६३०च्या आसपासच्या दुष्काळात अन्नावाचून गेली, हे त्यांच्या अभंगांतूनच आपल्याला ठाऊक आहे. चित्रपटातल्या आवलीच्या डोक्यावर ती सारी भूक आहे. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि नवरा विठ्ठलाच्या नादात. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती तडक देवळात जाते आणि विठोबावर वहाण उगारते. शिवाजीने पाठवलेला नजराणा पाहून ती आणि मुले हरखतात, नटतात. तुकोबा तो परत करायला निघतात. न्याय कोणाच्या बाजूला आहे, हे चित्रपट ठासून सांगत नाही. संताची महती तो गातो, पण चूल कोणाची विझली आहे हेही विसरू देत नाही.

देवळात वहाण उगारली जाते, त्या क्षणी सेंट्रलमध्ये बसलेल्या बायका काय करत होत्या? दचकल्या असतील, हसल्या असतील, डोळ्यांना पदर लावला असेल. नमस्कारांची गणती करणाऱ्यांनी हे लिहून ठेवले नाही. परंतु चित्रपटाची रचना पाहिली तर इतके म्हणता येते की, ज्याला केवळ डोके टेकायचे आहे अशा प्रेक्षकासाठी आवली लिहिलीच गेली नसती. तिला दिलेला वेळ, तिची ठसकेबाज बोली, तिचे खरे ठरणारे टोमणे हे सारे संसार करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, प्रसंगी देवाशी भांडणाऱ्या माणसासाठी आहे. विठोबाशी भांडण हा तर वारकरी परंपरेतला जुना हक्क. नामदेव, जनाबाई, खुद्द तुकोबा यांनी तो बजावला आहे. वहाण उगारणारी आवली अश्रद्ध नाही, देवाशी रोखठोक व्यवहार करणारी आहे.

ही तुलना कदाचित दूरची वाटेल, पण ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) या अँग ली यांच्या चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकापुढे ठेवलेला पेच याच जातीचा होता. यान मार्टेल यांच्या २००१ सालच्या कादंबरीवरील या चित्रपटात जहाज बुडाल्यावर एक मुलगा वाघासह २२७ दिवस समुद्रावर तरतो. अखेरीस तो चौकशी करणाऱ्यांना दुसरीही हकीकत सांगतो, जीत प्राणी नाहीत, माणसेच आहेत, आणि विचारतो की यांतली बरी कोणती. चित्रपटाचे दृश्यवैभव पहिल्या गोष्टीच्या बाजूने उभे आहे, तर्क दुसरीच्या. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या चित्रपटाविषयी पुष्कळ बोलले गेले. कोणी त्यात श्रद्धेचा पुरस्कार पाहिला, कोणी तिची शल्यचिकित्सा. २६ जुलै २००५चे पाणी पाहिलेल्या बदलापूरकराला, किंवा २०१९च्या जुलैत वांगणीजवळ पुराने वेढलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधल्या हजारभर प्रवाशांना, पाण्याने वेढलेल्या माणसाच्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटल्या तर नवल नाही. पण अँग ली यांच्या चित्रपटात दुसरी गोष्ट शेवटी, दवाखान्याच्या खाटेवरून, शब्दांत सांगितली जाते. दामले-फत्तेलालांनी ती पहिल्यापासून घरात, चुलीपाशी, तुकोबांच्या शेजारी बसवली. आम्हांस तरी या बाबतीत प्रभातची मांडणी अधिक धीट वाटते.

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा जुनी कथा पुन्हा नव्याने सांगितली गेली. विजय शर्मा दिग्दर्शित हा थोडक्या खर्चाचा चित्रपट ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या वर्षात त्यांच्या बरोबरीने चालला. बायका पायताणे बाहेर काढून थिएटरात जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत, शुक्रवारचा उपास धरून गूळ-चण्याचा प्रसाद वाटत, अशा बातम्या तेव्हा आल्या. देवीची भूमिका करणाऱ्या अनिता गुहा यांच्या पाया लोक पडू लागले. वीणा दास यांनी या चित्रपटाचा गांभीर्याने अभ्यास केला. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनीही. इतरांनी मात्र प्रेक्षकाची कीव केली. पडद्यावर नाणे फेकणे ही एकच कृती घ्या. आरतीच्या ताटात नाणे पडते, आणि तमाशाच्या फडावर दौलतजादा होते तेव्हाही नाणेच पडते. देवीवर फेकलेल्या नाण्यात भक्ती किती आणि गाण्याला दिलेली दाद किती, हे फेकणाऱ्या हाताशिवाय कोण सांगणार? उषा मंगेशकरांचा आवाज, प्रदीपजींची गीते आणि सी. अर्जुन यांचे संगीत होते ते. दाद देण्याजोगे त्यात पुष्कळ होते.

सी. अर्जुन हे सिंधी. त्यांच्यासारखेच सिंधमधून आलेले हजारो लोक फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. जगणे आणि श्रद्धा हे तिथे अभ्यासाचे विषय नव्हते. घर मागे टाकून आलेली माणसे झुलेलालाचे चाळीस दिवसांचे चालिहो व्रत पाळत धंदा उभा करत होती. ‘जय संतोषी माँ’च्या नायिकेला सासरी उपाशी ठेवले जाते, राबवले जाते, आणि ती तगते. अशा वस्तीत, किंवा शेजारच्या अंबरनाथच्या कारखान्यांच्या चाळींत, ही गोष्ट पाहणाऱ्या बाईला पडद्यावर आधी देवी दिसली असेल की आधी सत्यवती?

तेव्हा विशीत असलेल्या त्या बायका आज सत्तरीत आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी याच तीन गावांत राहतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी पुन्हा एकदा तीच चार समीक्षापुस्तके उघडण्याऐवजी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. त्यांना नमस्कार केलात का, एवढेच विचारू नये. पायताण कुठे काढले, आणि परत येताना सापडले का? सोबत कोण होते, घरी काय सांगून निघालात? लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी जावांसारख्या मत्सराने संतोषीमातेविरुद्ध कट करतात, तेव्हा हसू आले का? शुक्रवार किती केलेत, आणि का सोडलेत?