रेडिओनं मागितलेली माफी

रेडिओवर बोलायला बसलं की मला हंगेरीचा रेडिओ आठवतो. सरकारी रेडिओनं श्रोत्यांची जाहीर माफी मागितली, असं जगात फार क्वचित घडलं असेल. बुडापेस्टमध्ये ते ३० ऑक्टोबर १९५६ रोजी घडलं. आम्ही रात्री खोटं बोललो, दिवसा खोटं बोललो, प्रत्येक लहरीवर खोटं बोललो, अशा आशयाचं निवेदन त्या दिवशी प्रसारित झालं. ते लिहिलं होतं इश्तवान ओर्केन्य या लेखकानं. त्याच दिवशी रेडिओचं नावही बदलून 'स्वतंत्र कोशूत रेडिओ' झालं. कोशूत म्हणजे १८४८च्या हंगेरियन स्वातंत्र्यलढ्याचे नेते.

माफी मागण्याची वेळ का आली? दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी सोव्हिएत युनियनच्या टाचेखाली गेला. गुप्त पोलिसांचा धाक घराघरात शिरला. खोटे खटले चालवून पक्षातल्याच माणसांना फासावर चढवलं गेलं. परराष्ट्रमंत्री राहिलेल्या लास्लो रायकला १९४९ मध्ये असंच संपवलं आणि ६ ऑक्टोबर १९५६ रोजी, तो निर्दोष होता असं म्हणत, सन्मानानं पुन्हा दफन केलं. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. त्या आधीच्या महिन्यांत 'पेतोफी मंडळ' नावाच्या व्यासपीठावर लेखक आणि विद्यार्थी उघड बोलू लागले होते. शांदोर पेतोफी हा हंगेरीचा राष्ट्रकवी. तो १८४९ च्या लढाईत ऐन सव्विशीत नाहीसा झाला.

२३ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला तो याच कवीच्या पुतळ्यापासून. पुढे नदी ओलांडून तो जनरल बेमच्या पुतळ्यापाशी गेला. बेम मूळचा पोलंडचा. १८४९ मध्ये तो हंगेरीसाठी लढला, पेतोफी त्याच्याच हाताखाली होता. पराभवानंतर बेम तुर्कस्तानच्या आश्रयाला गेला, त्यानं इस्लाम स्वीकारला आणि मुराद पाशा या नावानं तो हलब शहरात वारला. एका हरलेल्या लढ्याच्या सेनापतीपाशी दुसरा लढा सुरू व्हावा, याचं मला नेहमी नवल वाटतं.

विद्यार्थ्यांच्या सोळा मागण्या होत्या. त्या रेडिओवरून वाचून दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रेडिओनं नकार दिला. रात्री आठला पक्षाचे प्रमुख गेरो यांचं भाषण लागलं. त्यात मोर्चेकऱ्यांना दूषणंच होती. लोक खवळले. रेडिओच्या इमारतीपाशी गोळीबार झाला, तिकडे स्टालिनचा भला थोरला पुतळा कापून पाडण्यात आला. झेंड्याच्या मधोमध असलेलं सोव्हिएत धाटणीचं चिन्ह लोकांनी कात्रीनं कापून काढलं. मध्ये भोक असलेला तो झेंडा उठावाची खूण ठरला.

इम्रे नॉज पंतप्रधान झाले. ते स्वतः कम्युनिस्ट होते, पण लोकांबरोबर चालत गेले. बहुपक्षीय राज्य त्यांनी मान्य केलं आणि १ नोव्हेंबरला देश तटस्थ असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी लेखकांच्या साप्ताहिकात ज्यूला इय्येश या कवीची जुलूमशाहीवरची दीर्घ कविता छापून आली. ती सबंध कविता म्हणजे एकच वाक्य आहे. १९५० मध्ये लिहिलेली ही कविता सहा वर्षं छापता आली नव्हती.

आणखी दोनच दिवसांनी, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, रणगाडे आले. पाच वाजून वीस मिनिटांनी नॉज रेडिओवरून बोलले, जेमतेम मिनिटभर. त्यानंतर ज्यूला हाय या नाटककारानं लिहिलेलं, जगातल्या लेखकांना मदतीसाठी घातलेलं आवाहन वेगवेगळ्या भाषांत प्रसारित झालं. मग रेडिओ मुका झाला. अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन माणसं मेली. एक कोटीच्या देशातून सुमारे दोन लाख लोक परागंदा झाले. पुढं दोनशेहून अधिक जणांना फाशी झाली. हायला सहा वर्षांची शिक्षा झाली, इय्येशची कविता पुन्हा गाडली गेली.

आपल्याकडेही याचे पडसाद उमटले. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत हंगेरीतल्या निवडणुकांविषयीच्या ठरावाविरुद्ध भारतानं मत दिलं, तेव्हा जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंवर परखड टीका केली. पण बुडापेस्टमधल्या भारतीय दूतावासानं दारं बंद केली नव्हती. तिथं जा-ये करणाऱ्यांत आर्पाद गोन्त्स होता. तोडगा सुचवणारं एक निवेदन त्यानं भारतीयांमार्फत बाहेर पोहोचवण्याची खटपट केली. त्याला १९५८ मध्ये जन्मठेप झाली. तुरुंगात तो इंग्रजी शिकला, पुढं नामवंत अनुवादक झाला आणि १९९० मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष.

नॉज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी दिलं. पुढं त्यांचा मृतदेह बुडापेस्टच्या स्मशानभूमीच्या कोपऱ्यात, ३०१ क्रमांकाच्या जागी, डांबरी कागदात गुंडाळून, तोंड खाली करून पुरला. वर ना दगड, ना नाव. आणि या सगळ्याला सरकारी शब्द ठरला 'प्रतिक्रांती'. शाळेच्या पुस्तकात तोच, वर्तमानपत्रात तोच. यानोश कादार यांच्या राजवटीत पोटाला बऱ्यापैकी मिळत होतं, काही वर्षांनी थोडी मोकळीकही आली. अट एकच : छप्पन्नबद्दल बोलायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांनाही सांगायचं नाही.

तो शब्द बदलला तोही रेडिओवरच. २८ जानेवारी १९८९ रोजी पक्षाचेच नेते पोझगाई यांनी मुलाखतीत १९५६ ला 'जनतेचा उठाव' म्हटलं. मी तेव्हा बी.ए.ला होतो. अब्बा रोज बीबीसीची हिंदी सेवा लावायचे. त्या जूनमध्ये नॉज यांच्या दुसऱ्या दफनाची बातमी मी त्यांच्याशेजारी बसून ऐकली. सहा शवपेट्या होत्या. पाच नॉज आणि त्यांच्या साथीदारांच्या, सहावी रिकामी, अनामिक लढवय्यांसाठी. त्या सोहळ्याच्या मंचाची रचना करणाऱ्यांत फाशी गेलेल्या रायकचा मुलगा होता. फाशी दिलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली गेली. एकतीस वर्षं जी नावं कुजबुजतही कुणी घेत नव्हतं, ती ध्वनिक्षेपकावरून शहरभर गेली. अब्बांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या दिवशी व्हिक्टर ओर्बान नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणानं सोव्हिएत फौजा परत जाव्यात अशी मागणी केली होती. पुढं तोच पंतप्रधान झाला. त्याच्याच सरकारच्या काळात, डिसेंबर २०१८ मध्ये, संसदेजवळचा नॉज यांचा पुतळा हलवून दुसरीकडे नेण्यात आला. उठाव हवा, पण त्याचा कम्युनिस्ट पंतप्रधान दृष्टीआड असलेला बरा. आधीच्यांनी उठावाचं नाव बदललं, नंतरच्यांनी त्यातली माणसं निवडायला घेतली.

म्हणून मला त्या माफीचं मोल वाटतं. तिच्यात शत्रूला शिव्या नव्हत्या, आपल्या विजयाची द्वाही नव्हती. आम्ही खोटं बोललो, एवढीच कबुली होती. पाच दिवसांनी तो रेडिओ पुन्हा रणगाड्यांच्या ताब्यात गेला. माफी मात्र कुणाला परत घेता आली नाही. ज्यांनी ती त्या दिवशी ऐकली होती, त्यांच्या कानात ती राहिली.