लावणीतले वैराग्य

दिवाळीच्या दिवशी नव्या कपड्यांना आणि रोषणाईला नावे ठेवणारा माणूस घरात कोणाला आवडेल? पण दोनशे वर्षांपूर्वी भपक्याला नावे ठेवणारा एक माणूस असा होऊन गेला, की त्याचे ऐकायला लोक रात्र रात्र बसत. तो म्हणजे शाहीर राम जोशी.

राम जोशी सोलापूरचा. जन्म १७६२ चा मानतात. घराणे शास्त्री-पुराणिकांचे, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगण्यात नामांकित. धाकट्याचे पाय मात्र तमाशाच्या फडाकडे वळले. भावाने घराबाहेर काढले, तेव्हा पंढरपुरास राहून त्याने संस्कृताचे अध्ययन केले, असे सांगतात. पण विद्या पदरी पडली तरी डफ सुटला नाही. शृंगाराच्या लावण्या, मानपान, बिदागी आणि मिळेल ते उधळणे, असा त्याचा संसार.

आणि याच माणसाने जटा वाढवणाऱ्या, वस्त्रे रंगवणाऱ्या, मठाचा व्याप मांडणाऱ्या ढोंगी साधूंवर कोरडे ओढणारी लावणी रचली. अंतरी भक्ती नसेल तर वरचा रंग कशाला, एवढाच तिचा सवाल. ठेका तमाशाचा, शब्द मात्र कीर्तनात शोभावेत असे.

आमच्या बारामतीचा यात वाटा आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने आर्या रचणारे मोरोपंत (१७२९–१७९४) येथलेच. एकीकडे सोवळ्यातले पंत, दुसरीकडे फडातला शाहीर. पण आख्यायिका अशी, की पंतांनी त्याचे कवित्व ओळखून त्याला कीर्तनाकडे वळवले, आणि पंतांच्या आर्या राम जोशाने आपल्या रसाळ कीर्तनांतून लोकांच्या तोंडी बसवल्या. १९४७ साली त्याच्यावर निघालेला ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट पुष्कळ वाचकांच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जयराम शिलेदारांनी त्यात शाहिराची भूमिका केली होती.

हे सारे एकदा वर्गात सांगत असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, जो स्वतः उधळ्या, त्याने दुसऱ्याच्या रंगाला का हसावे?” वर्ग हसला. मला मात्र उत्तर चटकन सुचले नाही.

त्या रात्री गावातून एक वरात गेली. नीरेचा डावा कालवा आला, बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला, आणि घरोघर चार पैसे आले. ते यावेतच, कोरडवाहू ज्वारीवर काढलेले दिवस आमच्या आजोबांनी भोगले आहेत. पण त्या वरातीतील कर्ण्यांच्या दणक्याने खिडक्यांची तावदाने थरथरत होती, आणि नवरीचा बाप मंडपाच्या कोपऱ्यात एकटाच बोटांवर कसला तरी हिशेब करीत बसला होता.

तेव्हा उत्तर सापडले. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, “बाळ, ज्याने रंग कधी लावलाच नाही, त्याला तो उतरताना कसा दिसतो हे काय ठाऊक? राम जोशाला ते ठाऊक होते.”

१८१२ साली तो गेला. पुष्कळ मिळवले, पण शेवटी हाती काही उरले नव्हते म्हणतात. पुढे सहा वर्षांनी, १८१८ साली, शाहिरांवर शालजोड्या उधळणारी पेशवाईही गेली. लावणी तेवढी राहिली.

वाचकहो, दिवे जरूर लावा. फक्त तेल उसने आणलेले नसावे.