सर्व्हे नंबर ते ऑनलाइन फॉर्म : खान्देशात प्रश्न विचारण्याचा इतिहास



गेल्या व्याख्यानानंतर तीन-चार तरुण प्राध्यापक आमच्याभोवती जमले. म्हणाले, "सर, ऑनलाइन प्रश्नावली लोकांना भरावीशी वाटेल अशी कशी करायची, संशोधनाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, यावर एकदा बोला." आम्ही म्हटलं, बाबांनो, आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. आमच्या पीएच.डी.च्या वेळी कार्डं आणि बुटाचा खोका हेच सॉफ्टवेअर होतं. पण घरी गेल्यावर विचार करू लागलो. प्रश्नावली घेऊन लोकांच्या दारात जाण्याचा जळगाव-धुळ्याकडचा इतिहास मोठा आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळेच आपले फॉर्म फसतात. आमचाही फसला होता. तिथूनच सुरुवात करू.

निवृत्तीनंतर आम्ही काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून तापीकाठच्या गावांसाठी एक फॉर्म केला. विषय शेती, पाणी आणि घरातली बोली. प्रश्न बेचाळीस. रंग सुरेख, वर केळीच्या बागेचं छायाचित्र, खाली किती टक्के भरून झालं ते दाखवणारी पट्टी. लाइमसर्व्हे हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं होतं. त्यात एक सोय आहे. माणूस फॉर्म अर्धवट सोडून गेला, तरी कोणत्या पानावर सोडला ते दिसतं. गूगल फॉर्ममध्ये 'सबमिट' दाबलं नाही तर आपल्या हाती काहीच येत नाही. म्हणजे आमचं अपयश आम्हाला नीट, पानागणिक दिसलं. बहुतेक लोक एकाच प्रश्नावर थांबले होते : "आपली जमीन किती एकर?"

विद्यार्थी म्हणाले, प्रश्न फार झाले, कंटाळले असतील. आम्हाला ते पटलं नाही. कंटाळलेला माणूस कुठेही थांबतो. हे सगळे एकाच उंबरठ्यावर थांबले होते.

'सर्व्हे' हा शब्द आपल्याकडे विद्यापीठातून आलेला नाही. तो सातबाऱ्यावरून आला. ज्या शेतकऱ्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, त्यालाही आपला सर्व्हे नंबर तोंडपाठ असतो. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जमीन मोजणी आणि प्रतवारीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. १८५२ साली ती खान्देशात आली. तेव्हा पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे नव्हते, ते १९०६ साली झाले. सगळा मिळून एकच खान्देश होता. मोजणीचे साखळदंड शिवारात दिसू लागले आणि सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी बिथरले. मोजणी म्हणजे पट्टी वाढणार, हा त्यांचा हिशेब. हजारोंनी जमून त्यांनी काम थांबवण्याची मागणी केली. शेवटी लष्कर आणलं गेलं, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मोजणी चालू राहिली.

सरकारी कागदांत याची नोंद 'दंगा' म्हणून आहे. आम्ही त्याला खान्देशातल्या लोकांनी सर्वेक्षणाला दिलेलं पहिलं मोठं उत्तर म्हणू. त्यांना विचारलेला प्रश्न कळला नव्हता असं नाही. तो कशासाठी विचारला जातोय हे त्यांना फार चांगलं कळलं होतं. आणि आम्ही, त्याच सावदा-फैजपूरच्या पंचक्रोशीत, केळीचं चित्र लावून विचारत होतो, जमीन किती! माहितीचं पुढे काय होणार, कोणाला दिसणार, याची एक ओळसुद्धा फॉर्मवर नव्हती.

दुसरी प्रश्नावली आली भाषेची. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाची योजना १८९४ च्या सुमारास आकाराला आली. ते स्वतः गावोगाव हिंडले नाहीत. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागवल्या. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं स्थानिक बोलीत भाषांतर, स्थानिकांच्या तोंडचा एखादा मजकूर, आणि ठरावीक शब्द व वाक्यांची यादी. ती एकच गोष्ट का? तर तिच्यात मी-तू-तो ही तिन्ही सर्वनामं येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. सगळीकडे तोच मजकूर असल्यामुळे तुलना करता येते. आजच्या भाषेत हा बंदिस्त प्रश्न. दुसरा, स्थानिक मजकुराचा, तो खुला प्रश्न. भाषांतर करणारा बहुधा शिकलेला कारकून किंवा मास्तर असणार, तो बोली जरा 'नीट' करून लिहिणार, हा धोका उघड होता. त्याला उतारा म्हणून दुसरा नमुना. १८९० च्या दशकातल्या या माणसाला जे सुचलं, ते आजच्या पुष्कळ फॉर्मवाल्यांना सुचत नाही.

आता निष्कर्ष बघा. मराठीचा खंड १९०५ साली निघाला, आणि खान्देशी त्यात नाही! ती सापडते १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी, गुजरातीच्या बाजूला. आमच्या अहिराणीवाल्या मित्रांना विचाराल तर काही म्हणतील बरोबर केलं, काही म्हणतील अन्याय केला. तो वाद आज नको. पण 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या बोलीची जागा कोणती, हे ज्यांनी ती बोली दिली त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

मग जनगणना. तिथे 'खान्देशी' हे वेगळं शीर्षक आहे, अहिराणी त्यातच धरली जाते. १९९१ साली खान्देशी ही मातृभाषा असलेले लोक होते सुमारे पावणेदहा लाख. २००१ साली झाले पावणेएकवीस लाख. आणि २०११ साली १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख कमी! इतकी लेकरं खान्देशात जन्मली नाहीत आणि इतकी माणसं कुठे गेलीही नाहीत. बदललं ते उत्तर. नाहीतर कचेरीत उत्तरांची वर्गवारी बदलली. बहुधा दोन्ही. दारात आलेल्या गुरुजींनी प्रमाण मराठीत विचारलं, "मातृभाषा?", तर समोरचा 'मराठी' म्हणणार, कारण बोलणं त्याच भाषेत चाललंय. तोच प्रश्न "तुमनं नाव काय शे?" अशा सुरुवातीनंतर आला असता तर?

आम्ही आमच्या फॉर्ममध्ये हे करून पाहिलं. पहिल्या खेपेला प्रश्न होता "आपली मातृभाषा", खाली चार पर्याय : मराठी, हिंदी, इंग्रजी, इतर. जवळजवळ सगळे मराठी. दुसऱ्या खेपेला विचारलं, "आजीशी कोणत्या बोलीत बोलता?" आणि उत्तरासाठी मोकळी चौकट ठेवली. एकदम अहिराणी आली, लेवा गणबोली आली, गुजरी आली, पावरी आली. माणसं तीच.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या तिने रचल्या, लेवा बोलीत, आणि दुसऱ्यांनी लिहून घेतल्या. ती आज आमच्या त्या पहिल्या फॉर्मसमोर बसली असती तर? आधी तिला तो वाचता आला नसता. आणि कोणी वाचून दाखवला असता तरी तिची बोली 'इतर'मध्ये गेली असती.

पण मोकळी चौकट ठेवली की सॉफ्टवेअरची खरी परीक्षा सुरू होते. एकाने लिहिलं 'अहिराणी', दुसऱ्याने 'अहिरानी', तिसऱ्याने 'आहिराणी', चौथ्याने रोमन लिपीत, पाचव्याने शेवटी एक मोकळी जागा सोडून. यंत्राच्या लेखी या पाच भाषा! ओपनरिफाइन नावाचं मोफत साधन अशा जवळच्या शब्दांचे गट करून दाखवतं आणि विचारतं, हे एकच धरू का? आम्हाला हा प्रश्न फार आवडला. दोन गोष्टी एकच आहेत असं केव्हा म्हणायचं, यावर आमच्या विषयात हजारो पानं खर्ची पडली आहेत, आणि इथे एका बटणात निकाल. 'अहिरानी' आणि 'अहिराणी' एक करा, हरकत नाही. पण 'खान्देशी' लिहिणाऱ्याला 'अहिराणी'त घालायचं का? ते बटण दाबण्याआधी त्या माणसाला फोन करावा. आम्ही काहींना केला. एक म्हणाले, "मी लेवा, अहिराणी कशी लावता मला?"

पुढचं गणित तुम्ही एसपीएसएसमध्ये करा, ते १९६८ सालचं आहे आणि महाग आहे. त्याच्यासारखं चालणारं पीएसपीपी फुकट आहे. किंवा आर शिका, तेही फुकट. याबाबतीत आमचा आग्रह नाही. वाईट प्रश्नाची सरासरी तिन्ही ठिकाणी सारखीच येते.

वाईट प्रश्न म्हणजे काय, तेही सांगतो. न्यायदर्शनात 'छल' नावाचा प्रकार आहे. देवदत्त 'नवकंबल' आहे असं कोणी म्हटलं. बोलणाऱ्याला अभिप्रेत 'नवी' घोंगडी. ऐकणारा मुद्दाम म्हणतो, कुठे आहेत 'नऊ' घोंगड्या? तिथे छल ऐकणारा करतो. आपल्या प्रश्नावल्यांत तो विचारणाऱ्याकडूनच होतो, नकळत. आम्ही विचारलं, "आपल्याकडे नळाला पाणी नियमित येते का?" भरपूर 'होय' आले. आम्ही खूश. मग एका ताईंनी शेवटच्या चौकटीत लिहिलं, "होय, दर आठ दिवसांनी, अगदी नियमित." तो सगळा रकाना आम्ही रद्द केला.

चांगलं काम झालेलं नाही असं नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, ते नकाशांसह आणि ध्वनिमुद्रणांसह इंटरनेटवर मोकळं आहे. त्यात लोकांना नुसतं "हे वाक्य तुमच्या बोलीत सांगा" असं म्हटलेलं नाही. छोट्या चित्रफिती दाखवून काय घडलं ते सांगायला लावलं. समोर प्रमाण मराठीचं वाक्यच नाही, मग माणूस त्याची नक्कल कशाची करणार? फॉर्म गुंतवून ठेवणारा हवा असं तुम्ही म्हणता ना, तो असा. चित्राने, पट्टीने गुंतत नाही कोणी. आपल्याला जे येतं तेच विचारलंय, हे दिसलं की गुंततो.

आमचा फॉर्म आम्ही चौदा प्रश्नांवर आणला. जमिनीचा प्रश्न काढून टाकला, कारण तपासलं तेव्हा लक्षात आलं की त्या माहितीचं आम्ही काहीच करणार नव्हतो. वर चार ओळी लिहिल्या : आम्ही कोण, हे कशासाठी, तुमचं नाव कुठेही येणार नाही, निष्कर्ष गावात येऊन वाचून दाखवू. शेवटचं काम आम्ही दोन गावांत केलं, बाकी गावं राहिली आहेत. त्याची टोचणी आहे.

आता पुढची जनगणना येते आहे. तिची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ती मोबाइलवर होणार, आणि घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय असणार आहे. आजवरच्या प्रथेप्रमाणे मातृभाषा विचारली जाईलच. जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. घरात मोबाइल बहुधा नातवाच्या हातात असेल आणि आजी ओट्यावर बसलेली असेल. तिच्या नावापुढची चौकट भरण्याआधी त्याने तिला एकदा हाक मारून विचारावं, तिच्याच बोलीत. आज सभेला आलेल्या विद्यार्थ्यांना आमचं एवढंच काम आहे. कोण काय म्हणालं ते पुढच्या महिन्यात येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ.