डिस्कोच्या ठेक्यावर तोडी

१९८२ साली मुंबईत एक रेकॉर्ड तयार झाली. नाव लांबलचक, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कंपनी एचएमव्ही. वाजवणारा एकच माणूस, चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं. तबला नाही, तंबोरा नाही, सतार नाही. तीन जपानी यंत्रं आणि दोन हात, बस्स. रेकॉर्ड फारशी विकली गेली नाही आणि यथावकाश सगळे ती विसरूनही गेले. पुढे वीस वर्षांनी एका डच माणसाला ती दिल्लीतल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात सापडली, आणि मग जगभर बोंब उठली, की क्लबांमधून वाजणारं 'अॅसिड हाऊस' नावाचं संगीत शिकागोच्याही आधी मुंबईत जन्मलं होतं!

मंडळी, ही बोंब मला पूर्ण पटत नाही. पण रेकॉर्ड मात्र मला अतिशय प्रिय आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगायला आजचा लेख.

आधी त्या माणसाबद्दल. चरणजित सिंग यांचा जन्म १९४०चा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ते बेस गिटार वाजवत, पुढे सिंथेसायझरही. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठ्यांकडे त्यांनी काम केलं. या जमातीबद्दल आपल्याकडे कुणी फार लिहीत नाही. गाणं गायकाच्या नावावर, मग संगीतकाराच्या, मग पडद्यावरच्या नायकाच्या. ज्याने तो सुरुवातीचा तुकडा वाजवला, जो ऐकून आपण पहिल्या दोन सेकंदांत गाणं ओळखतो, त्याचं नाव रेकॉर्डच्या कव्हरवर नसायचंच. अरुण पौडवालांसारखी थोडी नावं मराठी घरांत माहीत झाली तीही ते पुढे स्वतः संगीतकार झाले म्हणून. बाकीचे स्टुडिओत यायचे, नोटेशन समोर ठेवून वाजवायचे आणि पाकीट घेऊन घरी जायचे. सिंग हे त्यांतलेच एक. फिल्मी गाण्यांच्या धून वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्डी निघत, लग्नाकार्यात कार्यक्रम होत, पत्नी सुपर्णा गात असत. शांतपणे चाललेलं, बरं चाललेलं आयुष्य.

त्या वेळी हवा कसली होती ते आठवा. १९८० साली 'कुर्बानी' आला, त्याच वर्षी 'कर्ज'. १९८१ मध्ये नाझिया हसनची 'डिस्को दीवाने'. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. आमच्या बोईसरसारख्या ठिकाणीसुद्धा गणपतीच्या मांडवात आरती संपली की हेच सुरू व्हायचं, असं आमच्या घरातली थोरली मंडळी सांगतात. सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितलेला हिशेब अगदी साधा आहे. सिनेमात सगळीकडे डिस्कोच चाललंय, तर त्याच ठेक्यावर काहीतरी वेगळं करू. राग घेऊ, ठेका डिस्कोचा ठेवू आणि तबला बंद करू. यात कसलीही क्रांतीची भाषा नाही. दुकानात जे खपतंय त्यात आपली भर, एवढंच.

आता ती तीन यंत्रं. तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची, सिंगापूरहून आणलेली. ज्युपिटर-८ हा मोठा, महागडा सिंथेसायझर. त्यावर त्यांनी रागाचे सूर वाजवले. टीआर-८०८ हे तालाचं यंत्र. आणि तिसरी चपटी, चंदेरी डबी, टीबी-३०३.

या डबीची गोष्ट मजेशीर आहे. एकटा गिटारवाला सराव करत असेल तर त्याला साथीला बेस वाजवणारा माणूस नको, डबीच वाजवील, अशा कल्पनेतून ती बनवली होती. म्हणजे आपली सुरपेटी किंवा तालमाला जशी, तशीच घरगुती सोय. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच येत नसे आणि तिच्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी. सोळा घरं. प्रत्येक घरात कुठला सूर ते आधी भरायचं, मग वेगळ्याने लांबी, मग कुठल्या सुरावर जोर आणि कुठल्या सुरावरून कुठल्या सुरावर घसरत जायचं ते. गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. दहा हजारांच्या आसपास नग बनवून १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली. उरलेल्या जुन्या बाजारात मिळेल त्या भावात गेल्या.

तिथूनच ती शिकागोतल्या गरीब काळ्या पोरांच्या हाती लागली. त्यांनी सूर भरण्याच्या भानगडीत न पडता, एकच आकृती फिरत ठेवून डबीची बटणं नुसती पिळली. आवाज कधी गुदमरतो, कधी किंचाळतो, कधी बेडकासारखा डरावतो. फ्यूचर या गटाची 'अॅसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये बाजारात आली, जवळपास बारा मिनिटांची. तेच अॅसिड हाऊस. पुढच्या दोन वर्षांत इंग्लंडातली तरुण पिढी त्यावर रात्र रात्र नाचू लागली.

आणि सिंग यांची रेकॉर्ड ऐकली की तोच आवाज. तीच डबी, तेच घसरणारे सूर, तोच न थांबणारा ठोका. पाच वर्षं आधी!

एडो बौमन या डच संग्राहकाला ही रेकॉर्ड २००२ मध्ये दिल्लीत मिळाली. त्याने मुंबईत येऊन सिंग यांना शोधलं आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. पुष्कळांना वाटलं, ही थट्टा आहे. कुणीतरी युरोपियन संगीतकाराने जुनं कव्हर बनवून लोकांना फसवलंय. पुरावा दिसल्यावर मग थेट 'अॅसिड हाऊसचे जनक' ही पदवी.

इथे मी थोडा अडतो. जनक म्हणायचं तर वंश पुढे चालायला हवा. शिकागोतल्या कुणी ही रेकॉर्ड ऐकली होती असं कुठेही दिसत नाही. मुंबईतही तिच्यावरून कुणी दुसरी रेकॉर्ड केली नाही. ती एकटी जन्मली आणि एकटीच राहिली. आपल्याकडे 'हे आमच्याकडे आधीच होतं' म्हणायची हौस दांडगी, पुष्पक विमानापासून. त्या हौसेत हिची भर घालायला माझा जीव होत नाही. कारण त्यात खरा प्रश्न बुडतो. दोन खंडांत, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकाच आवाजापाशी कशी पोचली?

मला सुचतं ते उत्तर असं. पाश्चात्त्य डिस्को गाण्यात कॉर्ड बदलत राहतात, बेस त्यांच्याबरोबर जागा बदलतो. रागात असं काही नाही. षड्ज एकदा लावला की लावला. तो खाली अखंड वाहतो आणि वर एकच सुरावट फुलत जाते. सिंग यांनी तंबोरा बाजूला ठेवला तेव्हा त्याची जागा कुणीतरी घ्यायलाच हवी होती, ती या डबीने घेतली. एकच आकृती, पाच मिनिटं, षड्जाला धरून. शिकागोच्या पोरांनी कॉर्ड काढून टाकल्या कारण त्यांना नाचणाऱ्याला एका जागी खिळवून ठेवायचं होतं. सिंग यांच्याकडे कॉर्ड मुळातच नव्हत्या. आणि डबीतली ती सुरावरून सुरावर घसरण्याची सोय? तिला आपण मींड म्हणतो. गिटारवाल्याला जी निरुपयोगी वाटली ती रागदारीवाल्या कानाला ओळखीची वाटली असणार.

गमावलंय काय, तेही सांगायला हवं. तालाला सम असते, खाली असते. विलंबित एकतालात समेची वाट बघण्यात केवढं सुख असतं! डिस्कोच्या ठोक्यात प्रत्येक मात्रा सारखीच, म्हणजे प्रत्येकच सम. मग वाट कशाची बघायची? सुरांचंही तेच. तोडीचा गंधार नुसता कोमल नाही, त्याहून खाली उतरलेला, कंप घेणारा. कीबोर्डच्या पट्टीवर तो सापडत नाही. त्यामुळे या रेकॉर्डवरची तोडी मला तोडीची रूपरेषा वाटते, शाळेच्या नकाशातल्या सह्याद्रीसारखी. ललितमधले लागोपाठचे दोन मध्यम यंत्र न कचरता वाजवतं, आणि तिथे ते कचरायला हवं होतं. उलट कलावती आणि मालकंस ऐका. पाच सुरांचे राग, मोकळी जागा भरपूर. तिथे यंत्र आणि राग एकमेकांना अडवत नाहीत. मालकंस रात्री उशिरा, दिवे घालवून ऐकावा. (घरच्यांची परवानगी घेऊन. आमच्याकडे पाचव्या मिनिटाला 'ते टुकटुक बंद करा' असा आदेश येतो.)

हे सगळं एकट्या सिंग यांचंच असंही नाही. १९६९ मध्ये, म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, याच रेल्वेमार्गावर वर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई आणि त्यांचे सहकारी त्यावर तीनएक वर्षं प्रयोग करत होते. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, रेकॉर्ड म्हणून निघाल्या त्या थेट २०२३ मध्ये. तिकडे विलायतेत १९९५ पासून तलविन सिंग यांच्या 'अनोखा' या क्लबात तबला आणि ड्रम-मशीन एकत्र वाजू लागले. त्यांच्या 'ओके'ला १९९९चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. आणि आपल्या काळ्यांचा कर्श, इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कात वाढलेला तबलजी, त्याने २००१ मध्ये 'रिअलाइझ' काढली. या सगळ्यांना आपण काय करतोय ते ठाऊक होतं. ऐकणारे तयार होते, मासिकं होती, क्लब होते. सिंग यांच्या वेळी यातलं काही नव्हतं. डिस्कोवाल्यांना राग नको होते, रागवाल्यांना डिस्को नको होतं. नाचायला जागा कुठे होती?

इथे मला आमचा पालघर आठवतो, विषयांतर वाटलं तरी चालेल. नाचायला जागा आमच्याकडे होती, पूर्वापार होती. भातं तयार झाली की वारल्यांच्या पाड्यांवर तारपा निघतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे आवाज तुटतच नाही. तो मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती साखळी धरून. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतला तो शेकडो माणसांचा भोवरा पाहिलाय ना? मध्ये एक माणूस, अखंड आवाज, एकच आकृती आणि रात्रभर फिरणारे लोक. शिकागोच्या क्लबाचं वर्णन याहून वेगळं काय करणार?

आता आमच्याकडच्या हळदीत आणि लग्नात कीबोर्डवर तारप्याचा आवाज काढतात, खाली ड्रम-मशीन, समोर भिंतीएवढे स्पीकर. औद्योगिक वसाहतीत पाळी करून आलेली पोरं त्यावर पहाटेपर्यंत नाचतात. जाणकार म्हणतात, तारपा मेला. खोटं नाही ते; खरा तारपा बनवणारे आणि वाजवणारे हात कमी होत चाललेत, आणि कीबोर्डवरच्या तारप्यात श्वास नाही, हे मलाही ऐकू येतं. पण त्या कीबोर्डवाल्या पोराने कुणाची परवानगी घेतली नाही, कुणी त्याला मासिकात छापलं नाही, आणि त्याचं नावही कुठे लिहिलेलं नसतं. त्याने एवढंच ठरवलं, की आपली चाल सोडायची नाही आणि समोरचा नाचायलाही हवा. सिंग यांनी १९८२ मध्ये नेमकं हेच ठरवलं होतं. फरक इतकाच की या पोराच्या समोर नाचणारे आहेत.

सिंग यांना ते म्हातारपणी मिळाले. रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर युरोपातून बोलावणी आली, आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ तिथल्या मंचांवर तेच राग, तसाच वाजवू लागला. समोर त्याच्या नातवंडांच्या वयाची मुलं. अॅसिड हाऊस हा शब्द त्यांनी स्वतः फार उशिरा ऐकला. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

रेकॉर्ड यूट्यूबवर सहज सापडते. आमच्या नात्यातल्या मंडळींनी मालकंसपासून सुरुवात करावी, तोडीपासून नको. आणि हेडफोन लावावेत. मोबाइलच्या स्पीकरवर ती चंदेरी डबी ऐकूच येत नाही.