मावशीच्या कॅलेंडरवरची टिंबं

मी जळगावहून बोलतेय. आजचा एपिसोड इअरफोन लावून ऐकलात तरी चालेल, पण जमलं तर घरात मोठ्यानं लावा. विषय पाळीचा आहे. पाळीचे दिवस, दिवस राहणं आणि दिवस मोजून मूल टाळणं, या सगळ्याचा इतिहास.

झालं असं, की धुळ्याच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, लग्नाला सहा महिने झालेत. मूल एवढ्यात नको. मोबाइलमधलं ॲप म्हणतं आज सेफ आहे. विश्वास ठेवू का?" मी पटकन उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबले. कारण मला माझी मावशी आठवली.

मावशी चोपडा तालुक्यात दिलेली. दोन मुलं झाल्यावर तिनं ठरवलं, आता बस. दवाखान्यात विचारायची लाज, ऑपरेशनला घरून नकार. शेजारच्या शिकलेल्या वहिनीनं हळूच सांगितलं, पाळीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सांभाळ, मधले दिवस मोकळे. मावशीनं इमानदारीनं मोजलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीची बारीक टिंबं, कोणाला कळू नये म्हणून. वर्षाच्या आत तिसऱ्यांदा दिवस गेले. "मीच मोजायला चुकले," असं ती आजपर्यंत म्हणत आलीय.

मंडळी, मावशी मोजायला चुकली नव्हती. तिला दिलेला नियमच उलटा होता. आणि हा उलटा नियम काही एकट्या वहिनीचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नावाजलेले डॉक्टर हाच सल्ला देत होते.

का? तर कुत्रीमुळे. हसू नका, खरंच. 1843 मध्ये बिशोफ या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं, की कुत्री माजावर आली की तिचं बीज आपोआप सुटतं. माजाच्या वेळी कुत्रीच्या अंगावरून रक्त जातं. मग डॉक्टरांनी हिशोब जुळवला: कुत्रीचं रक्त म्हणजे बाईची पाळी, म्हणजे बाईचं बीजही पाळीच्या आसपासच सुटत असणार. म्हणजे मधले दिवस सुरक्षित! पण ही दोन रक्तं वेगळी आहेत. कुत्रीचं रक्त बीज सुटायच्या आधीचं. बाईची पाळी येते ती बीज सुटून, गर्भ न राहिल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी. त्या सल्ल्यावर विश्वास ठेवून किती बायकांनी नेमके नको तेच दिवस निवडले असतील, विचार करा.

आपल्याकडचं जुनं गणित काय होतं? मनुस्मृतीत ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितलाय. पहिल्या चार वर्ज्य, पुढच्या बहुतेक मूल होण्यासाठी. 28 दिवसांची पाळी धरली तर मूल राहायचे दिवस बहुतेक त्यातच पडतात, म्हणजे हा अंदाज युरोपच्या डॉक्टरांपेक्षा बरा. पण तिथंच सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी असंही आहे, त्याला काही आधार नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं.

आता आपल्या मराठी माणसाकडे येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. तेव्हा बीज नेमकं कधी सुटतं यावर जगातल्या डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे, कर्वे छापून उत्तर द्यायचे. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: वाचक विचारतात, तर उत्तर का देऊ नये? तरीही कर्व्यांना दंड झालाच.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे जपानमध्ये कोडं सुटलं होतं. निगाता शहरातले डॉ. ओगिनो ऑपरेशनच्या वेळी बायकांचं बीजकोश बघायचे आणि पाळीच्या तारखांशी ताडायचे. 1924 मध्ये त्यांनी मांडलं, की बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 12 ते 16 दिवस आधी. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियाच्या डॉ. क्नाउस यांनीही स्वतंत्रपणे जवळपास तेच सांगितलं.

नीट ऐका, "पुढच्या" पाळीच्या आधी. सगळी मेख इथंच आहे. मागच्या पाळीपासून बीज सुटेपर्यंतचे दिवस कमीजास्त होतात. परीक्षा, ताप, जागरण, बाळंतपण, अंगावर पाजणं, पीसीओडी, कशानंही. आणि पुढची पाळी तर अजून यायचीय! तिची तारीख ना मावशीच्या कॅलेंडरला ठाऊक, ना तुमच्या ॲपला.

डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना नकार दिला, पण दिवस पाळण्याचा मार्ग त्यांना त्यातल्या त्यात कमी नावडता वाटला, कारण त्यात थोडा तरी संयम आहे. त्यांच्या सहकारी राजकुमारी अमृत कौर पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि 1952 च्या सुमारास सरकारनं पहिला प्रयोग याच पद्धतीचा केला. दिल्लीतली लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम. कॅलेंडर वाचता न येणाऱ्या बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली, रोज एक मणी सरकवायचा. फार थोडी जोडपी टिकली. माळ बाईच्या हातात होती, पण "आज नको" म्हणायचा हक्क होता का? तो मणी माळेत नव्हता.

तर धुळ्याच्या ताईला उत्तर. सुटलेलं बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, पण पुरुषाचं बीज आत पाच दिवसांपर्यंत राहू शकतं. म्हणून दिवस राहू शकतात असे साधारण सहा दिवस. ते ओळखायच्या खुणा अंगातच असतात. बीज सुटायच्या आधी अंगावरून जाणारं पांढरं पातळ, बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं ताणलं जाणारं होतं. (खाज, घाण वास असेल तर ते वेगळं, डॉक्टरला दाखवा.) बीज सुटल्यावर सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घेतलेलं तापमान थोडं वाढतं, पण ते झाल्यावर कळतं.

आणि फक्त दिवस मोजायचे असतील तर? पाळी दर वेळी 26 ते 32 दिवसांतच येत असेल, तर 8 ते 19 हे दिवस टाळायचे. काटेकोर पाळलं तरी वर्षभरात 100 पैकी साधारण 5 जणींना दिवस राहतात, नेहमीच्या वापरात 12 जणींना. पाळी अनियमित असेल तर हा मार्ग तुमचा नाही. आणि यातलं काहीही गुप्तरोगापासून वाचवत नाही, तिथं निरोधच. मूल आत्ता अजिबात नकोच असेल, तर आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. गोळ्या, कॉपर-टी, अंतरा इंजेक्शन तिथं मोफत मिळतं. भावांनो, हे तुम्हीही ऐका. "आज नको" हे दोघांनी मिळून म्हणायचं असतं.

हा एपिसोड लिहिताना मी मावशीला फोन केला. म्हटलं, मावशी, तुझं मोजणं बरोबर होतं, नियम चुकीचा होता. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मग बाई, त्या वहिनीचं तिसरं पण तसंच झालं असेल का गं?"

मला हे सुचलंच नव्हतं.

तुमचे प्रश्न पाठवत राहा, नाव घेणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडला.