करकंडाचें लेणें



अनाथ म्हणून वाढलेला राजपुत्र, त्याच्या पाठीशीं उभा असलेला विद्याधर आणि डोंगराच्या पोटांत दडलेलें रहस्य, अशा अद्भुत कथामाला वाचणारीं पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें पुस्तक मिटतांना हटकून एक प्रश्न विचारतात: लेखकाला हें सारें सुचलें कोठून? परदेशी कथांविषयीं अशी माहिती आपण हौसेनें जमवितों. परंतु याच जातीची एक जुनी कथा आपल्या धाराशिवच्या डोंगरांत घडते, आणि तिच्या पडद्यामागची हकीकत मूळ कथेइतकीच मनोरंजक आहे.

त्या काव्याचें नांव ‘करकंडचरिउ’. कनकामर नांवाच्या दिगंबर जैन मुनीनें तें अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेंत, दहा संधींत रचिलें. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्यामधली पायरी. शेंकडों वर्षें पोथ्यांत राहिलेलें हें काव्य प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं संपादिलें, आणि तें 1934 सालीं कारंजा जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें.

कथा थोडक्यांत अशी. चंपानगरीची गरोदर राणी पद्मावती राजासह हत्तीवर बसली असतां हत्ती बिथरतो आणि तिला घेऊन रानांत शिरतो. पुढें दंतिपुराच्या स्मशानांत तिला पुत्र होतो. शापामुळें मातंग होऊन राहिलेला एक विद्याधर त्या मुलाला वाढवितो व विद्या शिकवितो. मुलाच्या हाताला खाज, म्हणून त्याचें नांव करकंड. दंतिपूरचा राजा निपुत्रिक वारतो, तेव्हां नवा राजा निवडावयास सोडलेला हत्ती याच मुलाला निवडतो. मग बापलेकांत, एकमेकांस न ओळखतां, युद्ध जुंपतें. आई मध्यें पडून ओळख पटविते. आणि करकंड दक्षिणेच्या स्वारीवर निघतो. त्या वाटेवर तेरापूर लागतें.

तेरापूरजवळच्या डोंगरांत हजार खांबांचें एक लेणें आहे, आणि त्याच्या वरच्या अंगास असलेल्या वारुळाची एक हत्ती पूजा करतो, असें त्याला कळतें. सोंडेंत पाणी व कमळ घेऊन येणारा तो हत्ती राजा स्वतः पाहतो. वारूळ खणतां आंत पार्श्वनाथांची मूर्ति सांपडते, ती लेण्यांत आणतात. तेथल्या जुन्या मूर्तीपाशीं दगडाची एक गांठ दिसते. तिनें शोभा जाते, म्हणून राजा ती फोडावयास सांगतो. कारागीर त्याला सावध करतो, कीं लेणें खोदतांना येथें पाण्याची शीर लागली होती, ती बुजविण्यासाठीं ही गांठ ठेविली आहे. राजा ऐकत नाहीं. घाव बसतांच पाणी उसळतें आणि लेणें भरून जातें. पश्चात्ताप करीत बसलेल्या राजाला मग एक देव प्रकट होऊन लेण्याचा पूर्ववृत्तांत सांगतो: शत्रूंनीं हुसकून लावलेल्या नील व महानील या विद्याधर बंधूंनीं तेरापुरास राज्य स्थापिलें, आणि त्यांनींच हें लेणें खोदविलें.

आतां पडद्यामागें जाऊं. करकंड मुळांत येथला नव्हेच. बौद्ध जातकांत आणि जैनांच्या ‘उत्तराध्ययन’ परंपरेंतही तो दूरच्या कलिंगाचा राजा आहे. मग या परक्या राजाला तेरापुरास कां आणलें?

तेरापूर म्हणजे धाराशिवपासून सुमारें वीस किलोमीटरांवरचें तेर, संत गोरोबाकाकांचें गांव. पहिल्या शतकांतल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाची मोठी पेठ सांगितली आहे; तेथील कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट यांनीं 1901 सालीं दाखवून दिलें. पुढें कोंकण व कोल्हापूर येथें राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि आपला वंश जीमूतवाहन नांवाच्या विद्याधरापासून सांगत. तगरपूर आणि विद्याधर! राजघराण्याच्या बिरुदांत जी जोडी आढळते, तीच कथेंतल्या नील-महानीलांत आहे. कवीनें विद्याधर आकाशांतून आणले नाहींत. ते या प्रदेशाच्या परंपरेंत आधींच नांदत होते.

आणि लेणें? धाराशिवजवळच्या डोंगरांत आजही लेण्यांचा समूह आहे. बर्जेस यांनीं त्याचें वर्णन आपल्या 1878 सालच्या अहवालांत केलें. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचें दालन सुमारें 80 फूट लांबरुंद असून त्यांत 32 खांब आहेत. बत्तिसांचे हजार करण्याचा अधिकार कवीला द्यावयास हरकत नाहीं.

येथें मात्र एक गोष्ट बजाविली पाहिजे. हीं लेणीं मूळचीं बौद्ध कीं जैन, यावर विद्वानांत वाद आहे. कांहींच्या मतें तीं आरंभीं बौद्ध होतीं आणि मागाहून जैनांकडे आलीं. त्या वादांत करकंडाची कथा साक्षीदार म्हणून उभी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. लेणीं खोदलीं गेल्यावर कित्येक शतकांनीं रचलेलें काव्य मालकीचा कागद होऊं शकत नाहीं. आपल्या काळीं लोक या लेण्यांविषयीं काय सांगत होते, एवढेंच तें आपणांस कळवितें.

पण तेवढेंही थोडें नाहीं. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या थरांतून पाणी झिरपतें, आणि खोदतां खोदतां शीर लागली तर काम कसें सांभाळावें, ही विद्या पाथरवटाची. शिलालेखांत बहुधा दान देणाऱ्याचें नांव येतें. छिन्नी धरणाराचें क्वचितच. या कथेंत मात्र विद्याधर आहेत, देव आहे, कमळ वाहणारा हत्ती आहे, आणि तरीही सर्वांत शहाणें वाक्य त्या बिननांवाच्या कारागिराच्या तोंडीं आहे. राजानें तें ऐकलें असतें, तर लेणें कोरडें राहिलें असतें.

आमच्या लहानपणीं या शहराला सारे उस्मानाबाद म्हणत. 2023 सालीं जिल्ह्याला धाराशिव हें जुनें नांव अधिकृतपणें परत मिळालें. नांव परत मिळालें, तशी त्याची कथाही घराघरांत परत यावी. सुटींत मुलांना तुळजापुरास नेतांना वाट थोडी वांकडी करून तेर पाहावें, लेणीं पाहावीं. जातांना गाडींत करकंडाची गोष्ट सांगावी, आणि तेथें पोहोंचल्यावर खांब मोजण्याचें काम मुलांवर सोंपवावें.