पडद्यावरची वारी

आषाढीच्या पहाटे पंढरपुरात शासकीय महापूजा सुरू झाली की सह्याद्री वाहिनीवरच्या निवेदकाचा आवाज भारावतो. अभिषेक समोर दिसत असतो, तरीही अभिषेक चालू आहे हे तो सांगतोच. ही सवय दूरदर्शनची स्वतःची नव्हे, वारशाने आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ काढली. तिच्या वळणावरच १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. मुख्य चित्रपटाआधी तिचे माहितीपट दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते, आणि त्यांचे भाडेही मालकाच्याच गल्ल्यातून जाई. सोलापुरात पाळी संपवून आलेला गिरणी कामगारही नायिकेआधी धरण पाही. चित्र काहीही असो, वर एक भारदस्त पुरुषी आवाज असायचाच. प्रेक्षकाला स्वतःहून काही कळेल यावर त्या आवाजाचा फारसा विश्वास नव्हता.

१९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून खेड्यांत शिक्षणपर कार्यक्रम पोचले. त्यात शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा होते, सोलापूर नव्हते. पुढे टीव्ही इथेही आला आणि तोच आवाज घरात बसला.

खरे तर तोवर दुसरी वाट सापडली होती, आणि तीही टीव्हीसाठीच. १९६० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ड्र्यू यांच्या चमूने हलका कॅमेरा आणि ध्वनियंत्र घेऊन ‘प्रायमरी’ हा निवडणुकीवरचा माहितीपट केला. निवेदन जवळजवळ नाहीच. माणसांच्या मागे जायचे आणि पाहायचे. याच सुमारास आपल्याकडे दि. बा. मोकाशी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालत होते. १९६४ च्या त्यांच्या ‘पालखी’ या पुस्तकात वाटेवरचे बोलणे, कुरबुरी, पायांचे दुखणे सारे आहे. माझ्या मते वारीचा पहिला खरा माहितीपट तोच. फक्त कॅमेरा नव्हता.

कॅमेऱ्याने ते काम केले ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासह वारीवर माहितीपट केला. खंडोबा-विठोबाच्या अभ्यासात आयुष्य घातलेला माणूस पाहुण्यासारखा पाहत नाही. तिसरी, वाद घालणारी शैली माहितीपटकार आनंद पटवर्धनांची. ती दूरदर्शनवर यायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

२००७ पासून मराठी वृत्तवाहिन्या आल्या. आता निवेदक पडद्याआड न राहता माइक घेऊन रिंगणातच उभा असतो. पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते, पुढे सदाशिवनगर, खुडूस, बाजीरावाची विहीर इथली रिंगणे ड्रोनवरून दिसतात. गोल मोठे देखणे दिसते. पण माउलींचा अश्व धावून गेल्यावर वारकरी वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात, ते एवढ्या उंचीवरून दिसत नाही. मग फुगड्या रंगतात तोवर वाहिनी जाहिरातीवर गेलेली असते.

एखाद्या मराठी वाहिनीने पुढच्या आषाढीला एवढे करावे: धर्मपुरीपासून वाखरीपर्यंत एक कॅमेरा एकाच दिंडीबरोबर चालवावा, आणि वार्ताहराला त्या दिवसांत सुट्टी द्यावी.